उरेबेत्सुचं पाणी

मशीन मी बंद केलं. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष नागानुमा गावभर सांगत फिरतो ना, ते खरं आहे. भर दुपारी, जेवणाची सुट्टी व्हायच्या आत, चौदा माणसांच्या देखत केलं. पण त्याआधी तीन हंगाम ते मशीन चालवलंही मीच, आणि काय घालून चालवलं ते मात्र तो कुणाला सांगत नाही. म्हणून मी सांगते.

मी दर्शना कुबल. मालवणच्या दांडीवरची. बाबा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, आई टोपली घेऊन बाजारात. मासे मला नवे नव्हते, थंडी नवी होती. २०३० साली मी होक्काइदोला आले. जपानच्या नकाशात सगळ्यात वरचं बेट, आणि त्या बेटाचीही वरची, ओखोत्स्क समुद्राकडची कड. इथे गावांच्या नावाला शेवटी ‘नाई’ नाहीतर ‘बेत्सु’ लागतं. हे इथल्या मूळच्या ऐनू लोकांचे शब्द, दोन्हींचा अर्थ नदी. नदी म्हणजे सॅल्मन मासा. हॅचरीत अंडी उबवून वसंतात बोटाएवढी पिल्लं नदीत सोडायची, ती समुद्रात जायची, आणि चार वर्षांनी हातभर लांब होऊन नेमकी त्याच नदीत अंडी घालायला परत यायची. या एका गोष्टीवर सगळा किनारा जगत होता.

मी आले त्या फेब्रुवारीत समुद्र गोठलेला होता. रशियाकडून वाहत आलेले बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून कण्हत असायचे. मला वाटलं, दर वर्षी असंच असणार. कसलं काय! तसा बर्फ पुन्हा दोनदाच आला. आता साखरेच्या बीटाच्या शेतांत रताळी लावतात आणि जाळ्यात दक्षिणेकडचे मासे येतात, ते इथल्या बायका नाक मुरडत शिजवतात.

पहिली तीन वर्षं मी उरेबेत्सुच्या हॅचरीत होते. तिथले मुख्य ओगाता-सान (‘सान’ म्हणजे आपल्याकडचं ‘जी’), तेव्हा साठीचे. मला कुणी भाड्याने खोली देईना. एक म्हातारी तर तोंडावर म्हणाली, तुमच्या रश्श्याचा वास भिंतीत मुरतो, मग निघत नाही. ओगाता-साननी आपल्या गोदामावरची खोली दिली. आणि त्यांनी मला काय शिकवलं, तर चालायला. हसू नका. सॅल्मनची गाबोळी, म्हणजे अंडी, फळली की महिनाभर तिला जरासाही धक्का सोसत नाही. दार आपटलं तरी ट्रेमधले दाणे पांढरे पडून मरतात. ओगाता-सान माझ्या पुढे चालायचे आणि मी त्यांच्या मागे, टाच आधी, मग हळूच बोटं. मालवणात आई म्हणायची, ही चालते की रेडा धावतो! इथे सहा महिन्यांत मी मांजर झाले.

मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचे, तोंडाने ओगाता-सान. मी लग्न केलं तेव्हा बाबांना व्हिसा मिळाला नाही. बाबांच्या जागी ओगाता-सान बसले. नवरा कोहेई चाळीस किलोमीटर दक्षिणेच्या तोकुनाई गावचा, मोठ्या जाळ्याच्या बोटीवरचा. तिथे जाळं समुद्रात कायमचं रोवलेलं असतं, आपल्याकडच्या डोल जाळ्यासारखं, पण चांगलं वाडीएवढं मोठं. मी तोकुनाईच्या हॅचरीत रुजू झाले. तिथे आठ वर्षं मी ‘ती इंडियातली’ होते. कुणी वाईट वागलं नाही हो. पण दुकानात मी शिरले की गप्पा थांबायच्या.

आता एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलं.

दर नोव्हेंबरात, हंगाम संपला की हॅचरीवाले माशांचं श्राद्ध घालतात. इतक्या माद्यांची पोटं चिरून गाबोळी काढतो, तर त्यांच्यासाठी एक दिवस हात जोडायला नकोत? नदीकाठी दगड असतो, भटजी येतात, साके, म्हणजे तांदळाची दारू, वाहतात. आणि आमच्या दोन गावांत आणखी एक रिवाज होता. उरेबेत्सुची माणसं आपल्या नदीचं पाणी एका बाटलीत घेऊन आमच्या श्राद्धाला यायची, आमची माणसं आमचं पाणी घेऊन त्यांच्याकडे जायची. अर्धी बाटली दगडावर ओतायची, अर्धी ठेवून घ्यायची. रिकामी करायची नाही. रिकामी केली म्हणजे संबंध संपला. जुन्या काळी ती बर्फात पुरून ठेवत, हल्ली हॅचरीच्या फ्रीझरमध्ये. त्यामुळे आमच्या फ्रीझरमध्ये उरेबेत्सुच्या तीसेक बाटल्या, साल लिहिलेल्या, रांगेने. त्यांच्याकडे आमच्या. स्वतःच्या नदीचं जुनं पाणी कुणाकडेच नाही. कोण ठेवणार? नदी तर दारात वाहते.

आणि मग नदीच बदलली.

हे मला साप्पोरोच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. कुरोसेने समजावलं. पोरगी हुशार, बोलायची भरभर. प्रत्येक नदीच्या पाण्यात माती, पानं आणि तळाच्या शेवाळातून अमिनो आम्लं उतरतात. वीसेक प्रकारची, अगदी नावापुरती. पण कुठलं किती, हे प्रमाण प्रत्येक नदीचं वेगळं. तोच नदीचा वास. पिल्लू समुद्रात जाताना तो वास डोक्यात घेऊन जातं, आणि चार वर्षांनी किनाऱ्याजवळ आल्यावर नाकाने तोच शोधत फिरतं. इकडे मधल्या काळात बर्फ कमी पडतो, वितळतो लवकर, शेतात बीट जाऊन रताळी येतात, खत बदलतं. नदीचा वासच पालटतो. मासा येतो, दारापाशी घुटमळतो, म्हणतो हे आपलं घर नव्हे, आणि निघून जातो. समुद्र तापल्यामुळे आधीच निम्मे मेलेले, उरलेले असे भटकून संपायचे.

तिचं मशीन म्हणजे दिसायला वॉशिंग मशीनएवढा डबा. त्यात चार वर्षांपूर्वीचं पाणी घातलं की ते प्रमाण मोजतं, तोच वास तयार करतं आणि नळीने नदीच्या मुखाशी थेंब थेंब सोडतं. पोहण्याच्या तलावात चिमूटभर साखर टाकावी इतकंच. माशाला तेवढं पुरतं. फक्त जुनं पाणी हवं.

आमचं जुनं पाणी उरेबेत्सुत होतं. २०४१ च्या उन्हाळ्यात मी मागायला गेले. ओगाता-साननी सदतीस सालापासूनच्या सगळ्या बाटल्यांतून थोडं थोडं काढून दिलं, वर चहा पाजला. “तुमचे मासे परत आले तर आमचेही येतील,” म्हणाले. त्या शरदात आमच्या नदीत चढणारे मासे अडवायच्या बंधाऱ्यावर, पिंजऱ्यात, अकरा हजार सॅल्मन आले. आदल्या वर्षी दोन हजार होते. मी रडले, खरं सांगते. नागानुमाने सगळ्यांसमोर मला ‘आमची कुबल-सान’ म्हटलं. दुकानातल्या गप्पा थांबेनाशा झाल्या. उलट बायका जागा करून द्यायला लागल्या. ज्याला हे कधी मिळालं नाही त्यालाच कळेल, ते किती गोड लागतं.

फेब्रुवारीत ओगाता-सान आमच्याकडे आले. कांद्यांची पेटी घेऊन आले. त्यांच्या हॅचरीलाही मशीन मंजूर झालं होतं, आणि त्यांना त्यांचं जुनं पाणी हवं होतं.

आदल्याच दिवशी नागानुमा माझ्या टेबलाशी येऊन बसला होता. “समुद्रात आता दोन गावांना पुरतील इतके मासे उरलेले नाहीत,” तो म्हणाला. “एकच गाव टिकेल. उरेबेत्सुचा वास आपल्याकडे आहे. आपण दोन्ही वास सोडू. त्यांना सांग, बाटल्या गेल्या.”

“मी सांगू?”

“तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे.”

मेल्याने किती सरळ सांगितलं! मी चिडायला हवं होतं. मी म्हटलं, बघते.

आणि ओगाता-सान समोर बसले असताना मी म्हणाले, “सप्टेंबरच्या वादळात लाइट गेली होती ना, तेव्हा आमचा फ्रीझर बंद पडला. सगळं फेकून द्यावं लागलं. माफ करा.” आणि मान खाली घातली. फ्रीझर माझ्या पाठीमागच्या दाराआड घरघरत होता.

ते म्हणाले, “लाइट आमच्याकडेही गेली होती. तुमच्या बाटल्या मी बर्फाच्या कारखान्यात नेऊन ठेवल्या होत्या.” टोमणा नव्हता तो. त्यांना वाईट वाटलं होतं, माझ्यासाठी, की बिचारीला किती हळहळ वाटत असेल. कांदे ठेवून गेले. ते कांदे मला शिजवता येईनात, शेजारणीला दिले.

२०४२ चा हंगाम आठवला की अजून अंगावर काटा येतो. जाळी उचलायला क्रेन पुरेना. बर्फ कमी पडला म्हणून शेजारच्या बंदरातून मागवला. कोहेई संध्याकाळी घरी यायचा तो खवल्यांनी चमचमत, हसत. दहा वर्षांत मी त्याला तसा हसताना पाहिला नव्हता. जाळ्यातल्या निम्म्या माशांचा पाठीवरचा छोटा पर कातरलेला होता. उरेबेत्सुच्या पिल्लांची तीच खूण. तिथे असताना तीन वर्षं तो पर मीच कातरत होते. कात्री धरून धरून बोटाला घट्टा पडला होता. जाळ्यावरच्या माणसांनाही ती खूण माहीत होती. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे मूग गिळून गप्प होते, कारण मासे होते.

उरेबेत्सुच्या बंधाऱ्यावर त्या वर्षी एकेचाळीस मासे आले. एकेचाळीस!

श्राद्धाला ओगाता-सान आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. नेहमीसारखे काळा कोट घालून आले, दगडासमोर उभे राहिले आणि बाटली उलटी धरली. अर्धी झाली, तरी धरून राहिले. शेवटचा थेंब पडेपर्यंत. भटजींचं म्हणणं थांबलं. मग रिकामी बाटली त्यांनी कोटाच्या खिशात घातली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. नागानुमा म्हणाला, म्हातारा झालाय, विसरला असेल. मी तिथून जी पळाले ती संडासात जाऊन बसले. त्यांना कळलं होतं.

तरी पुढच्या वर्षी मी मशीन पुन्हा लावलं. हेही लिहून ठेवा. कुणी बंदूक रोखली नव्हती.

२०४३ च्या ऑक्टोबरात काहीतरी बिनसलं. जाळ्यात मासे होते, पण सगळे कातरलेल्या पराचे. आमचे स्वतःचे गेले कुठे? आणि नदीत तर कुणीच चढेना. जाळं चुकवून आत आलेले उरेबेत्सुचे मासे मुखापाशी येऊन नुसते गोल गोल फिरत होते. मी कुरोसेला फोन केला तेव्हा ती ओशाळून म्हणाली की हे तिला आधीच लक्षात यायला हवं होतं. नळीतला वास मुखापाशी. त्याच्या वर आमची नदी, आमच्या माशांना ती बदलली तरी थोडी ओळखीची, यांना मात्र तिचा वास भलताच. मासा दारापर्यंत येतो आणि आत पाऊल टाकत नाही. जाळंवाल्यांना काय त्याचं? पण हॅचरीला मासा नदीत हवा, पिकलेला, गाबोळीने फुगलेला. मागच्या वर्षी आमचेच इतके चढले की मला हे कळलंच नाही. या वर्षी पाच नोव्हेंबरपर्यंत आमच्या पिंजऱ्यात त्रेसष्ट मासे होते, आणि पंधराला हंगाम संपतो. पिंजऱ्यात मासा नाही म्हणजे गाबोळी नाही, वसंतात पिल्लं नाहीत, चार वर्षांनी जाळंही रिकामं.

उरेबेत्सुची हालत तर विचारू नका. सरकारने कळवलं होतं, यंदा मासा आला नाही तर हॅचरी बंद. मला तिथल्या जुन्या सहकाऱ्यांकडून कळलं. ओगाता-सान माझा फोन घेत नव्हते.

दहा तारखेला सकाळी मी मुखाजवळच्या वाळूत गेले. माद्या इतक्या पिकल्या होत्या की लाटेबरोबर त्यांच्या पोटातून दाणे गळत होते. नारिंगी दाणे वाळूवर, आणि कावळे ते टिपत होते. मी एक मादी उलटी करून बघितली. पर कातरलेला. तिला तिच्या नदीपासून मी चाळीस किलोमीटर ओढून आणलं होतं आणि घरातही घेत नव्हते. मला स्वतःची किळस आली.

घरी जाऊन कोहेईला म्हटलं, “मी मशीन बंद करणार. आत्ता बंद केलं तर दोन दिवसांत हे मासे उरेबेत्सुला पोचतील. त्यांची हॅचरी वाचेल.”

कोहेई जाळ्याची गाठ मारत होता. तो कधी आवाज चढवत नाही. “आणि आपली?” म्हणाला.

“आपली तशीही मरतेय.”

“दर्शना, आठ वर्षं तू या गावाबाहेर होतीस. मी रोज बघत होतो. आता कुठे आपल्याला माणसांत घेतलंय. तुला पुन्हा बाहेर जायचंय का? जायचं तर जा. मला नेऊ नकोस.”

“अरे, ते मला बापासारखे आहेत!”

“मग त्यांच्याशी खोटं बोलायच्या आधी आठवायचं होतंस.”

हे बोलायला त्याचं काय गेलं! दोन वर्षं तेच मासे ओढत होता. मी मालवणीत ओरडले, “शिरां पडो तुझ्या त्या नागानुमाच्या तोंडार!” त्याने विचारलं, काय म्हणालीस. मी सांगितलं नाही. पण खरं तर तो चुकीचं काही बोलला नव्हता, म्हणून तर इतकं लागलं.

दुपारी मी मुखाशी गेले, झडप फिरवली, उरेबेत्सुच्या वासाची नळी उपसून वर टाकली. जाळ्याची माणसं डबे उघडून जेवायला बसतच होती. नागानुमा धावत आला. पासष्ट वर्षांचा गडी, धापा टाकत.

“कोणाला विचारून?”

“चालू करताना कोणाला विचारलं होतं?”

“कुरोसे परवा येईल आणि पुन्हा लावेल,” तो म्हणाला. “तू फक्त दोन दिवस वाया घालवशील. कुबल-सान, तू शेवटी परकीच निघालीस.”

“आपली होते तेव्हा तुम्ही मला चोर केलंत,” मी म्हटलं. “त्यापेक्षा परकी बरी.”

बोलायला छान वाटलं. पण मागे वळले तेव्हा चौदाच्या चौदा जणांनी माना फिरवल्या होत्या, आणि त्यांत कोहेई होता.

मासे मात्र खरंच गेले. दुसऱ्या दिवशी मुखापाशी पाणी मोकळं. बारा तारखेला सकाळी मी गाडी काढली आणि उरेबेत्सुला निघाले. काय सांगू, गाणं म्हणत निघाले होते! दोन्ही बाजूंना रताळ्यांची उकरलेली शेतं, लांब गायींचे गोठे, आणि माझ्या डोळ्यांसमोर ओगाता-सान पिंजऱ्याचं दार उघडतायत आणि मासे उसळतायत. पाय धरून माफी मागायची, असं ठरवलं होतं. इथे पाय धरत नाहीत, पण मी धरणार होते.

पिंजरा रिकामा होता. एकही मासा नाही. हॅचरीचे पंप जागेवर नव्हते, ट्रे धुऊन उलटे घातले होते.

मी मुखाकडे धावले. मासे होते तिथे. शेकडो. वाळूला लागून गोल गोल फिरत होते. कातरलेल्या पराचे आणि न कातरलेलेही. त्यांचे आणि आमचे. आणि खडकाच्या आडोशाला, वॉशिंग मशीनएवढा डबा होता. नळी पाण्यात सोडलेली.

ओगाता-सान शेजारी पेटीवर बसले होते. एकदम म्हातारे दिसले मला.

“यात काय घातलंय?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“तोकुनाईचं पाणी,” ते म्हणाले. “माझ्याकडे तेवढंच होतं.”

“तुम्ही? ओगाता-सान, तुम्ही?”

“मागच्या वर्षी तुमच्या मुखाजवळ बोट नेऊन समुद्राचं पाणी भरून आणलं आणि या मशीनमधून तपासलं. तुमच्या बाटल्यांत नसलेली एक नदी होती त्यात. माझी, अडतीस सालची.” आवाज अगदी सपाट. “फ्रीझर बंद पडला म्हणालीस तेव्हा मी घरी येऊन बायकोला सांगितलं होतं, पोरगी फार कष्टी झाली होती. मग मी ठरवलं, मला नाही तर तुम्हालाही नाही.”

“पण मी मशीन बंद केलं! परवा! तुमचे मासे परत आले, बघा, हे सगळे तुमचे आहेत! तुम्ही आमचा वास सोडला नसता तर ते नदीत चढले असते. आपल्या नदीचा वास त्यांना लागलाच नाही!”

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. “बंद करणार आहेस, हे मला कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही फोन घेतला नाहीत!”

“तुझा फोन मी का घ्यावा?”

मी ओरडत होते, ते बसले होते, आणि पुढ्यात माद्या गाबोळी सांडत होत्या. किती सांडू द्यायची? मला राहवेना. त्यांच्या पेटीशेजारची सुरी आणि दांडका घेतला, बादली ओढली आणि पाण्यात शिरले. मांड्यांपर्यंत, बर्फाळ पाणी. एक मादी धरून आणली, डोक्यात दांडका घातला, पोट चिरलं, दाणे बादलीत घेतले. दुसरी. तिसरी. ओगाता-सान उठले, पाण्यात शिरले आणि नर धरून आणला. बादली कोरडी ठेवायची, नराचं वीर्य दाण्यांवर पिळायचं, हाताने हळूच फिरवायचं, आणि मगच नदीचं पाणी घालायचं. आधी पाणी लागलं तर सगळं फुकट. हे त्यांनीच मला शिकवलेलं. दोन तास आम्ही काम केलं. तेवीस माद्या निघाल्या कामाच्या, बाकीच्या रिकाम्या नाहीतर कुजलेल्या. एक बादली भरली. एवढीच. ओगाता-साननी गाबोळी नदीच्या पाण्याने धुतली, तेव्हा दाणे फुगून टपोरे, पारदर्शक झाले. एकसुद्धा पांढरा नव्हता.

“इथे ठेवता येणार नाहीत,” ते म्हणाले. “हंगाम संपायची वाट न बघता परवाच पंप काढून नेले.”

“आमच्याकडे ट्रे आहेत. झऱ्याचं पाणी आहे. तासाभरात नेते. धक्का लागू देणार नाही, तुम्हाला माहीत आहे.”

“तुमच्या पाण्यात वाढतील.”

“हो.”

“म्हणजे चार वर्षांनी तुमच्या नदीत येतील.”

“वसंतात मी पिल्लं इथे आणून सोडते, महिनाभर आधी. इथे टाकी लावू, इथलं पाणी पाजू, म्हणजे इथला वास घेऊन जातील. मी स्वतः राहीन इथे. तुमच्या गोदामावर राहीन.”

मी मनापासून बोलत होते. त्यांनी बादली दोन्ही हातांत धरली होती, अगदी स्थिर, आणि माझ्याकडे पाहिलं.

“एकच विचारतो. ही परत येतील तेव्हा, चार वर्षांनी, तुमचं मशीन चालू असेल?”

मला नागानुमा दिसला. माना फिरवलेली चौदा माणसं दिसली. कुरोसे आज दुपारच्या गाडीने उतरणार होती, कदाचित उतरलीही असेल. या माणसाशी मी पुन्हा खोटं बोलणार नाही, असं ठरवून मी घरून निघाले होते.

“असेल,” मी म्हणाले. “मी नाही लावणार. पण कुणीतरी लावेल.”

त्यांनी मान हलवली. मग वळले आणि नदीच्या काठाने वर चालू लागले, टाच आधी, मग बोटं, इतके जपून की बादलीतलं पाणी हललं नाही. मला वाटलं, आणखी थोडं पाणी घ्यायला चाललेत. बंधाऱ्याच्या खाली जाऊन ते गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी बादली उपडी केली.

“ओगाता-सान!”

नदीचा तळ मागच्या पुरात गाळाने भरला होता. तिथे दाणा जगत नाही, गुदमरतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. नारिंगी लोंढा प्रवाहात पसरला आणि लगेच पाण्याखाली ट्राउटची तोंडं चमकायला लागली. मी पाण्यात पडून ओंजळीने दाणे धरायला गेले. चार-पाच हाताला लागले. तेही निसटले.

“इथे मरतील,” ते म्हणाले. “पण तुमची होणार नाहीत.”

मी त्यांना शिव्या दिल्या. जपानीत, मालवणीत, येतील त्या. त्यांनी सगळ्या ऐकून घेतल्या. मग कमरेत वाकून मला नमस्कार केला, अगदी रीतसर, वडीलधाऱ्याला करतात तसा. “खरं सांगितलंस,” म्हणाले. “आभारी आहे.” आणि बादली विसळायला लागले.

गाडीत बसले तेव्हा कपडे निथळत होते. मी त्या माणसाशी एकदा इतकं सहज खोटं बोलले होते, मान खाली घालून, त्यांचे कांदे समोर असताना. आज फक्त ‘नसेल’ म्हणायचं होतं. एक शब्द. तेवढं म्हटलं असतं तर ते साठ हजार दाणे आत्ता माझ्या मागच्या सीटवर असते, जिवंत.

फोन वाजला. कोहेई होता. कुरोसे पोचली, म्हणाला, मशीन पुन्हा लावतायत. मग त्याने विचारलं, “तिकडे काही मिळालं का?”

“नाही,” मी म्हटलं, “काही नव्हतंच,” आणि हीटर लावला.